नेट गेलं? राउटरला हात लावण्याआधी हे वाचा

मागच्या मे महिन्यात आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या घरी सलग अकरा दिवस दुपारी एकच्या सुमारास नेट जायचं आणि रात्री नऊ-दहाला आपोआप परत यायचं. मी घरूनच चार-पाच दुकानांचे हिशेब आणि कर-विवरणपत्रं सांभाळते, त्यामुळे दुपार गेली की दिवसच गेला. कंपनीचा मुलगा तीनदा आला, तिन्ही वेळा सकाळी. "मॅडम, सगळं बरोबर तर चालून राहिलं," म्हणायचा आणि तक्रार बंद करून जायचा. त्याला दोष देता येत नव्हता. तो यायचा तेव्हा नेट खरंच चालू असायचं.

कारण सापडलं ते वहीमुळे. नेट केव्हा जातं, केव्हा येतं हे मी लिहून काढलं आणि त्या वेळा कूलरच्या वेळांशी जुळल्या. फायबरची तार कूलरच्याच खिडकीतून आत आली होती. दुपारी टाकी भरली की स्टँड थोडा दबायचा आणि चौकटीत तार चिमटली जायची. रात्री टाकी रिकामी झाली की तार मोकळी. तार दुसऱ्या बाजूने आत घेतली, त्या दिवसापासून नेट एकदाही तसं गेलं नाही.

तेव्हापासून शेजारीपाजारी, नातलग कुणाचंही नेट अडलं की मला बोलावतात. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली. "नेट नाही" हे दुखणं नाही, लक्षण आहे. बाहेरच्या खांबापासून तुमच्या फोनपर्यंत नेट चार टप्प्यांनी येतं: बाहेरची तार, भिंतीवरचा डबा म्हणजे ओएनटी किंवा राउटर, घरातलं वाय-फाय, आणि शेवटी तुमचा फोन किंवा लॅपटॉप. दोष यातल्या कोणत्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत काहीही बदलू नका, काहीही विकत आणू नका. नवा राउटर आणून ठेवला आणि दोष खांबावर निघाला, असं मी तीन घरांत पाहिलंय.

## आधी एवढं जवळ ठेवा

नेट चालू असतानाच हे गोळा करून ठेवा. बंद पडल्यावर यातलं अर्धं सापडत नाही.

- ग्राहक क्रमांक आणि कनेक्शनला जोडलेला मोबाइल नंबर. कनेक्शन घरमालकाच्या नावावर असेल तर त्यांचा नंबर हाताशी हवा, कारण ओटीपी त्यांच्याकडे जातो.
- राउटरच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो. राउटरचा पत्ता, लॉगिनचं नाव, पासवर्ड सगळं तिथे असतं.
- पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड, तुमच्या कनेक्शनला लागत असेल तर. गल्लीतल्या छोट्या कंपन्यांकडे बहुधा लागतो. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, कंपनीकडे नोंदणी पटवणारा पासवर्ड. जोडणीच्या दिवशीच मागून घ्या.
- दीड-दोन मीटरची चांगली लॅन केबल, कॅट-६ लिहिलेली. हल्लीच्या बारीक लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, तर यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर लागेल. दोन्ही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळतात.
- मोबाइल डेटा असलेला एक फोन, एक टॉर्च आणि एक वही.

## १. रिचार्ज आणि शेजारी

सगळ्यात आधी प्लॅनची तारीख पाहा. प्लॅन संपला की डब्यावरचे दिवे बहुधा सगळे व्यवस्थित दिसतात, वाय-फायही जोडलं जातं, पण काही उघडत नाही किंवा फक्त पैसे भरायचं पान उघडतं. ऑटो-पे लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. कार्ड बदललं की तो थांबतो.

मग शेजाऱ्यांना विचारा, पण त्याच कंपनीच्या शेजाऱ्यांना. गल्लीत सगळ्यांचंच गेलं असेल तर घरात काही शोधत बसायचं कारण नाही. तक्रार नोंदवा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू करा.

आणखी एक बघा. फक्त एकच वेबसाइट अडते आहे का? शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टलं मंदावतात, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी निकालाची साइट उघडत नाही. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत व्हिडिओ नीट चालत असेल तर तुमचं नेट ठणठणीत आहे.

## २. डब्यावरचे दिवे वाचा

या एका पायरीत निम्मं निदान होतं, म्हणून इथे वेळ द्या. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार ज्या डब्यात घुसते तो ओएनटी. बऱ्याच घरांत ओएनटी आणि वाय-फाय राउटर एकाच डब्यात असतात, काही घरांत दोन डबे. दिव्यांची नावं डब्यावर बारीक अक्षरांत छापलेली असतात, टॉर्च त्यासाठीच.

पॉवरचा दिवा बंद असेल तर आधी तेच बोर्ड दुसऱ्या वस्तूने तपासा, मग अ‍ॅडॅप्टर. हा दिवा मध्येच विझून पेटत असेल तर अ‍ॅडॅप्टर म्हातारा झालाय. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा लावला की तो पुन्हा-पुन्हा रीस्टार्ट होत राहतो आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावला तर जळू शकतो. अँपियर मात्र जुन्याइतके किंवा जास्त चालतात.

एलओएस म्हणजे 'सिग्नल हरवला'. सगळे त्याला लॉसचा दिवा म्हणतात. तो लाल पेटला किंवा लुकलुकला की तारेतून सिग्नल आणणारा प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत येतच नाही, किंवा फार क्षीण येतोय. दोष फायबरचा. राउटरची कोणतीही सेटिंग इथे उपयोगाची नाही. एवढंच करा: तार भिंतीपासून डब्यापर्यंत डोळ्यांनी पाहत या. कुठे दाराखाली, कपाटामागे, खिडकीत चिमटली आहे का? काचेचा धागा आहे तो, तांब्याच्या तारेसारखा दुमडता येत नाही. वळण घ्यायचंच असेल तर आमटीच्या वाटीच्या काठाएवढं मोकळं घ्या. डब्यात घुसलेला हिरवा किंवा निळा कनेक्टर हलक्या हाताने आत दाबा. तो उपटू नका, आणि सुटलाच तर त्याच्या टोकाला बोट लावू नका. बोटाचं तेलही प्रकाश अडवतं. त्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर लावायचा नसतो हेही लक्षात ठेवा. दोन्ही सारखेच बसतात, पण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल केली की प्रकाश वाया जातो.

पॉनचा दिवा स्थिर हिरवा म्हणजे तुमचा डबा कंपनीच्या यंत्राशी बोलतोय. तो सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण नोंदणी होत नाही. हा दोषही कंपनीकडचाच.

पॉन स्थिर, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला? मग तार चांगली आहे. अडलंय ते लॉगिनमध्ये, प्लॅनमध्ये किंवा कंपनीच्या आतल्या यंत्रणेत.

टेक्निशियन आला की त्याला एक प्रश्न नक्की विचारा: "पॉवर किती येऊन राहिली?" तो छोटं मीटर लावून तारेतल्या प्रकाशाच्या ताकदीचा उणे आकडा सांगेल. उणे १८, उणे २१ असं ऐकलं तर उत्तम. उणे २७ च्या आसपास म्हणजे काठावर. आज चालेल, पावसात जाईल. तो आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी आला की दोन आकड्यांची तुलना करता येते आणि मग "सगळं बरोबर आहे" या वाक्यावर बोलणं संपत नाही.

## ३. बंद-चालू करायची रीत

बंद-चालू केल्याने पुष्कळदा काम होतं, पण घाईघाईत खटका मारून नाही. सगळे डबे बंद करा. एक मिनिट थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. मग राउटर. मग फोन-लॅपटॉप.

आता सगळ्यात मोठा सापळा. डब्याच्या मागे टाचणीने दाबायचं एक बारीक छिद्र असतं, त्यावर रीसेट लिहिलेलं असतं. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते छिद्र दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पीपीपीओईचं युजरनेम गेलं, तुमच्या वाय-फायचं नाव गेलं, कंपनीने भरलेल्या सेटिंग्ज गेल्या. नंदनवनला माझ्या जाऊबाईंकडे खांबावरचा साधा दोष होता, तासाभरात दुरुस्तही झाला. पण तोवर भाच्याने रीसेट दाबलं होतं. कंपनीचा माणूस येऊन सगळं पुन्हा भरेपर्यंत पुढचे दोन दिवस घर नेटविना राहिलं. फोनवर कुणी "रीसेट मारा" म्हणालं तर आधी विचारा, "सेटिंग तुम्ही लगेच भरून देणार का?"

## ४. लॅन केबल लावून पाहा

दिवे बरोबर आहेत, बंद-चालू करून झालं, तरी नेट रडतंय. आता लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि लॅन केबलने थेट राउटरला जोडा.

केबलवर नीट चालतंय, वाय-फायवर नाही: दोष वाय-फायमध्ये, पायरी ६ वर जा. केबलवरही नाही: दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे, पायरी ५ करा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि लोक हीच गाळतात. फोनवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या दिसतात म्हणून "नेट फुल आहे" असं समजतात. त्या रेघा फक्त राउटर किती जवळ आहे ते सांगतात. राउटरच्या पुढे नेट आहे की नाही, त्यांना माहीतच नसतं.

वेग मोजायचा तोही केबलवरच. आणि आकडे नीट वाचा: प्लॅनमधले १०० हे मेगाबिट असतात, डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरली तर तुमची फसवणूक झालेली नाही.

२०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलाय आणि केबलवर वेग कायम ९४-९५ वरच अडकतोय? ही खूण लक्षात ठेवा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० साठी दोनच जोड्या पुरतात, त्यापुढे चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टर नीट दाबला नसला की यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. केबल बदला. तरी तेच, तर राउटरचं भोकच १०० चं आहे.

## ५. तीन पिंग

विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं. खालच्या तीन गोष्टी एकेक करून लिहा आणि एंटर दाबा. लिहायचं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत.

पहिलं, पिंग शब्द, मग जागा सोडून राउटरचा पत्ता. तो स्टिकरवर असतो. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. उत्तर आलं तर तुम्ही आणि राउटर यांच्यात सगळं ठीक.

दुसरं, पिंग ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता. पहिल्याला उत्तर आणि याला नाही, तर दोष राउटरच्या बाहेर. कंपनीला फोन करा आणि हेच वाक्य सांगा. तिकडचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, पिंग आणि गूगल डॉट कॉम. दुसऱ्याला उत्तर आलं आणि याला "होस्ट सापडला नाही" अशा अर्थाचं काही आलं, तर नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही सोय बंद पडली आहे. फोनची डायरी हरवली तर लाइन चालू असूनही फोन लावता येत नाही, तसं. राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

नेट तुटक-तुटक येत असेल तर दुसऱ्या पिंगमध्ये पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि टी जोडा. मग ते थांबवेपर्यंत चालू राहतं. अर्धा तास तसंच ठेवा. मधेमधे 'टाइम्ड आउट' दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला कामी येतो.

## ६. वाय-फाय: आपल्या घरांचं खरं दुखणं

नागपूरच्या जुन्या लेआउटमधली घरं पुढून अरुंद, मागे लांब. तार फाटकाकडून येते, म्हणून टेक्निशियन डबा पहिल्याच खोलीत ठोकून जातो, आणि अभ्यासाची खोली असते तिसरी. मध्ये दोन जाड भिंती, एक लोखंडी कपाट. महाल-इतवारीकडच्या वाड्यांच्या भिंती तर हातभर जाड. डुप्लेक्समध्ये मधला स्लॅब, त्यातल्या सळ्यांसकट. वाय-फायच्या लहरी लाकडातून, काचेतून बऱ्या जातात. लोखंड त्या परतवतं आणि पाणी शोषून घेतं. आता विचार करा, पत्र्याची पेटी आणि तिच्यात पाण्याची टाकी असलेली कोणती वस्तू उन्हाळ्यात आपल्या प्रत्येक खोलीत असते? राउटर आणि काम करायची जागा यांच्यामध्ये कूलर येत असेल तर दोघांपैकी एकाला हलवा.

जोडणीच्या दिवशीच अडून बसा. "डबा मधल्या खोलीत हवा, तार तिथपर्यंत घ्या." जास्तीच्या तारेचे काही पैसे लागले तरी द्या. नंतर लागणाऱ्या कोणत्याही यंत्रापेक्षा ते स्वस्त पडतं. डबा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर. टीव्हीच्या मागे नाही, शोकेसमध्ये नाही, मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नाहीच; तो आणि २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय एकाच पट्ट्यात काम करतात.

राउटर बहुधा दोन पट्टे देतो. २.४ लांब जातो, पण हळू आणि गर्दीचा. ५ वेगवान, पण एखाद-दोन भिंतींत दमतो. दोघांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे आपण कशावर आहोत ते कळतं. राउटरशेजारच्या टीव्ही-लॅपटॉपला ५, मागच्या खोलीला २.४. फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर २.४ चं चॅनेल 'ऑटो'वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. कोणतं मोकळं आहे ते वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं फुकट अ‍ॅप फोनवर दाखवतं. ५ च्या पट्ट्यात ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधल्या चॅनेलवर राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडून पळतो आणि तुमचा व्हिडिओ कॉल तुटतो.

मागच्या खोलीसाठी लोक भिंतीच्या बोर्डात खोचायचा रिपीटर आणतात. मला तो पटत नाही. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो नेमका जिथे सिग्नल मेला आहे तिथेच लावला जातो, मग पुढे देणार काय? त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर लावा. केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते.

फक्त दुसरा राउटर जोडताना त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका. ती सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, बंद करा आणि त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्या. नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. एक फोन याच्याकडून पत्ता घेतो, दुसरा त्याच्याकडून. एकाला नेट मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही, प्रिंटर कुणालाच सापडत नाही. हा दोष शोधायला मला सक्करदऱ्याच्या एका घरात पूर्ण रविवार लागला होता.

## ७. बाकी सगळ्यांचं चालतंय, एकाचंच नाही

मग राउटरला हात लावू नका, दोष त्या यंत्रात आहे. क्रमाने पाहा.

तारीख-वेळ चुकलेली असली की सुरक्षित साइट उघडत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली की हे हमखास होतं. व्हीपीएन चालू राहिलंय का? अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग आहे, जाहिराती थांबवायला कुणीतरी तिथे काही भरून ठेवतं आणि विसरतं. ती 'ऑटोमॅटिक'वर करा. वाय-फायचं नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाका.

विंडोजमध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय, असा अर्थ. केबल किंवा वाय-फायचा पासवर्ड तपासा. काहीच नाही जमलं तर सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या भागात शेवटी 'नेटवर्क रीसेट' आहे. हे रीसेट फक्त लॅपटॉपचं असतं, राउटरचं नाही, त्यामुळे ते करायला हरकत नाही. वाय-फायचे पासवर्ड तेवढे पुन्हा टाकावे लागतात.

## ८. ऊन, वीज, मांजा, खोदकाम

बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅबखाली किती होत असेल, हे आपल्याला सांगायला नको. दुपारी राउटर हाताला चटका देतोय आणि नेट अडखळतंय, तर त्याला छताजवळून खाली घ्या, उभा ठेवा, वरचं कापड काढा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. तार खिडकीतून येत असेल तर आत शिरण्याआधी तिला बाहेर खाली झुकलेला झोल द्या. पाणी तारेवरून ओघळत येतं. झोल असला की तिथूनच खाली टपकतं.

महावितरणची वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, तरी नेट जातं, ही तक्रार फार ऐकते. ज्या इमारतींत अजून तांब्याची लॅन केबल फिरवलेली आहे तिथे घराघरांत नेट वाटणारा मधला डबा, म्हणजे स्विच, जिन्यात किंवा कुणाच्या तरी घरात असतो. त्याची वीज गेली की सगळ्यांचं नेट गेलं. तो स्विच इन्व्हर्टरवर घ्यायचं सोसायटीच्या बैठकीत ठरवा. अशी तांब्याची तार उघड्यावरून येत असेल तर विजा कडाडताना ती राउटरमधून काढून ठेवा. विजेचा झटका तिच्यातून थेट आत येतो. फायबरच्या काचेतून तो येत नाही, पण अ‍ॅडॅप्टरच्या वाटेने येऊ शकतो.

संक्रांतीच्या आगेमागे तारांमध्ये पतंग अडकतात आणि पोरं मांजा ओढतात. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटल्या जातात. सिमेंट रस्त्यासाठी, पाइपलाइनसाठी खोदकाम तर चालूच असतं. या दिवसांत लॉसचा दिवा लाल झाला तर आधी बाहेर जाऊन खांबापर्यंत नजर टाका. लोंबणारी तार दिसली तर फोटो काढून तक्रारीला जोडा, तिला हात लावू नका. शेजारून विजेची तार जाते.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. डबा आणि त्याचं बोर्ड जमिनीपासून वर असू द्या.

## ९. तक्रार अशी करा

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्या. गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर करू नका. तिथे खोटे कस्टमर केअर बसलेले असतात. कुणी स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं किंवा "दहा रुपये भरून तक्रार नोंदवा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

तक्रार सांगताना "नेट चालत नाही" म्हणू नका. असं सांगा: "लॉस बंद आहे, पॉन स्थिर आहे, लॅन केबलवर राउटरला पिंग जातो, ८.८.८.८ ला जात नाही, रोज अमुक ते अमुक वाजेपर्यंत." आणि "टेक्निशियन त्याच वेळात पाठवा" हे नोंदवून घ्या. माझे अकरा दिवस या एका वाक्याने वाचले असते.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तराने समाधान झालं नाही, तर प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावाच लागतो; ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमांनी तसं बंधन आहे. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रं लिहीत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र बोलता येतं. या सगळ्याला डॉकेट नंबर, पिंगचे फोटो आणि वहीतली तारखांची पानं लागतात.

आता शेवटचं, टेक्निशियन दारात उभा असतानाचं. काम झालं की तो तक्रार बंद करायचा ओटीपी मागेल. "मॅडम, देऊन टाका, मला अजून चार घरी जायचंय." त्याची घाई खरी असते, उन्हात फिरतो तो, त्याला पाणी द्या, बसवा. पण ओटीपी देण्याआधी तुमचा लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा, मागच्या खोलीत जाऊन एक व्हिडिओ कॉल लावा, त्याच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवा. मग द्या.